कॉट बेसिस

१९९९ साली मी बार्शीहून पुण्यात आले तेव्हा माझ्याकडे एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि आत्याच्या ओळखीतल्या एका काकूंचा पत्ता एवढंच होतं. सदाशिव पेठ, पेरूगेटपासून चालत पाच मिनिटं. पोचले तर दारावर पाटी, ‘कॉट रिकामी आहे. फक्त मुलींसाठी. चौकशी ११ ते १. बेल एकदाच वाजवावी.’ मी दोनदा वाजवली, पण तो किस्सा वेगळा.

एका खोलीत चार कॉट. कॉटखाली आपली ट्रंक, डोक्याशी भिंतीत दोन खिळे, ते दोन खिळे म्हणजे आपलं कपाट. भाडं साडेचारशे, डिपॉझिट पाचशे. सकाळी एक बादली गरम पाणी, रात्री साडेनऊला दाराला कडी, आणि केस गळाले की कुणाचे ते ओळखण्याची काकूंची विद्या. मी तिथं अडीच वर्षं काढली, पहिली नोकरी तिथूनच धरली, पॅन कार्डाच्या अर्जावर पत्ता तिथला, बँकेच्या खात्यावरही तिथलाच. तेव्हा फार चिडचिड व्हायची, पण आता वाटतं की या शहरात मला शिरायला जी पहिली पायरी मिळाली ती म्हणजे ती साडेसहा फुटांची लोखंडी कॉट, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की पुण्यात घरांचा प्रश्न आहे तो घरांचा नाहीचे मुळात, तो या कॉटचा आहे. फूटपाथ आणि फ्लॅट यांच्या मधे जे काही असायचं, वाड्यातली खोली, चाळीतली खोली, कुणाच्या माळ्यावरची जागा, ते सगळं आपण हळूहळू काढून टाकलं आणि मग विचारतो की ही माणसं रस्त्यावर का झोपतात.

आता घर म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं फक्त विकत घेतलेला फ्लॅट येतो. सिंहगड रोडनं धायरीकडं जा, दर शंभर पावलांवर होर्डिंग, टू बीएचके अमुक लाखांपासून, वर एक छोटी चांदणी आणि खाली न वाचता येणारी अटींची ओळ. सरकारी योजना बघा, तिथंही तेच, लॉटरी लागली की मालक. भाड्याचं घर हा विषयच नाही कुणाच्या अजेंड्यावर. जणू भाड्यानं राहणारा म्हणजे अजून फ्लॅट न घेतलेला माणूस, आज ना उद्या घेईलच!

याला जुना इतिहास आहे आणि त्यात एकच व्हिलन शोधायला गेलात तर सापडणार नाही. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला, त्यात भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. हेतू वाईट नव्हता, युद्धानंतरची टंचाई होती, घरमालक नाडत होते. पण ते गोठलेलं भाडं मग गोठलेलंच राहिलं, पन्नास-पन्नास वर्षं. माझ्या आत्येसासूबाई शनिवार पेठेतल्या वाड्यात दोन खोल्यांचे अठ्ठावीस रुपये देत होत्या, २००० चा नवा कायदा आला तरी फार काही बदललं नाही, वर्षाला चार टक्के वाढ म्हणजे अठ्ठावीसवर एक रुपया बारा पैसे. मालक म्हणायचा यात मी कौलं कुठून फिरवू, आणि त्याचंही खरंच होतं. मग वाडा गळायला लागला, दर पावसाळ्यात महापालिकेची धोकादायक म्हणून नोटीस, एका वर्षी मागची भिंत बसली, आणि शेवटी बिल्डर आला. आता तिथं पार्किंग प्लस पाच मजले आहेत. आत्येसासूबाईंना फ्लॅट मिळाला, आनंदच आहे. पण त्याच वाड्यात जिन्याखाली एक शिंपी राहायचा आणि मागच्या पडवीत बोहारणीचं कुटुंब, त्यांचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं, ती माणसं कुठं गेली हे आज कुणाला विचारलं तर सांगता येत नाही.

थोडक्यात, भाड्यासाठी बांधणं हा धंदा त्या कायद्यानं मारला आणि नंतर तो परत जिवंत करायची कुणालाच गरज वाटली नाही, कारण विकण्यात पैसा जास्त.

आता आकड्यांचं. २०११ च्या जनगणनेत देशात बेघर माणसं १७ लाख ७३ हजार निघाली, त्यातली सव्वानऊ लाखांच्या वर शहरांत. आणि त्याच जनगणनेत शहरांमधली रिकामी घरं होती १ कोटी १० लाखांच्या वर. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कुणीही म्हणतं, झालं की मग, द्या वाटून. (बेघरांचा तो आकडा एका रात्रीत मोजलेला आहे, २८ फेब्रुवारीच्या. एका रात्रीत या शहरातल्या सगळ्या पुलांखाली बॅटरी मारून कोण बघून आलं असेल ते असेल. आणि २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आपण अजून तेच शिळं खातोय.) पण वाटून द्या हे उत्तर मला पटत नाही. वाकडमधला अकराव्या मजल्यावरचा रिकामा फ्लॅट मार्केटयार्डात पहाटे चारला गाडी खाली करणाऱ्याच्या काय कामाचा? त्या वेळेला त्याला तिथून आणणारी बस कुठाय? माणूस फूटपाथवर झोपतो तो बऱ्याचदा घर नाही म्हणून झोपतोच, पण ठरावीक त्याच फूटपाथवर झोपतो, कारण काम तिथं आहे.

स्वारगेटजवळ, नेहरू स्टेडियमच्या बाजूच्या फूटपाथवर एक मावशी भेटतात मला. सिग्नलला गजरे आणि केसांचे क्लचर विकतात. मी आठवड्यातून दोनदा तिथून बस बदलते, गजरा घेता घेता ओळख झाली. त्यांच्याबरोबर मालक आहेत, सून आहे, दोन नातवंडं. मुलगा नाही, त्याबद्दल मी विचारलं नाही. एकदा पाऊस होता, बस येत नव्हती, मी म्हटलं, मावशी, रोजचा खर्च किती होतो हो तुम्हाला इथं? त्या हसल्या. “इथं र्‍हायचे पैशे पडत न्हाईत वाटतं व्हय ताई तुमाला?” आणि बोटं मोडत सांगायला लागल्या. संडासचे माणशी पाच, पाच जणांचे पंचवीस. अंघोळ वीस रुपये, सगळे रोज करत नाहीत, पण दिवसाला सरासरी तीस जातात. मोबाइल चार्जिंग दहा, टपरीवाल्याकडे. मालाचं गाठोडं आणि भांडी दिवसभर ठेवायचे वीस, त्याच टपरीवाल्याकडे. झाले पंच्याऐंशी. महिन्याचे अडीच हजार!

अडीच हजार, घर नसण्याचं भाडं.

मी विचारलं मग खोली का नाही घेत. तर अप्परला, म्हणजे अप्पर इंदिरानगरला, त्यांनी बघून ठेवली होती एक पत्र्याची, महिना चार हजार. “चार बी भरले आस्ते, पन त्यो डिपाजिट वीस हजार मागतुय.” वीस हजार एकदम. ज्या बाईच्या हातात रोजचे रोज सहाशे-सातशे येतात आणि रोजचे रोज जातात तिनं वीस हजार साठवून ठेवायचे कुठं, उशीखाली? उशी तर फूटपाथवर आहे. एकदा सात हजार जमले होते, ते सुनेच्या बाळंतपणात गेले. म्हणजे बघा, भाडं परवडतंय, दाराचा उंबरा परवडत नाहीये.

निवारा केंद्राचं मी विचारलं. म्हणाल्या एकदा नेलं होतं गाडीत घालून. “थितं मालकाला येगळं आन आमाला येगळं. आन गाठोडं भाईर.” दुसऱ्या दिवशी परत आल्या. या एका वाक्यात धोरणावरचे चार सेमिनार आहेत. सुप्रीम कोर्टानं अन्नाच्या हक्काच्या केसमधे सांगितलंय की मोठ्या शहरात दर एक लाख लोकसंख्येमागं एक निवारा पाहिजे, बारा महिने चोवीस तास चालणारा. पुणे महापालिकेची लोकसंख्या २०११ लाच ३१ लाख होती, त्यानंतर २०१७ ला ११ गावं आत आली आणि २०२१ ला आणखी २३. म्हणजे जुन्या हिशोबानंही एकतीस निवारे पाहिजेत, आणि नुसते पाहिजेत असं नाही, तर नवराबायकोला एकत्र झोपता येईल, गाठोडं आत ठेवता येईल आणि पहाटे साडेतीनला उठून कामाला जाता येईल असे. आता तुमच्या रोजच्या रस्त्यावरचा एक आठवून सांगा बरं. मला घरापासून ऑफिसपर्यंत एकही पाटी दिसत नाही, आणि पाटी लावण्यात तर आपला हात कुणी धरणार नाही.

एक गोष्ट मात्र मला फार आवडली. मतदार यादीत नाव घालायला बेघर माणसाकडे पत्त्याचा पुरावा नसला तरी चालतो. निवडणूक आयोगाचा नियम असा की त्यानं अर्जात जी जागा सांगितली तिथं बूथवरच्या अधिकाऱ्यानं रात्री जाऊन बघायचं, तेही एकाहून जास्त रात्री, की हा माणूस खरंच इथं झोपतो का. झोपत असेल तर तोच त्याचा पत्ता. किती साधं आहे! मतासाठी पुलाखालची जागा हा पत्ता होऊ शकतो तर बाकीच्या कामांना का नाही होऊ शकत, शाळेच्या दाखल्याला, गॅसला, बँकेला?

आता आक्षेप. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली असतात. पहिलं, यांना घरं दिली तरी विकून परत झोपडीत येतात. येतात ना, काही जण नक्की येतात, मी नाही म्हणत नाही. पण का येतात हे बघायला नको का? मेट्रोसाठी शिवाजीनगरची कामगार पुतळ्याची वस्ती उठली, लोकांना विमाननगर आणि हडपसरच्या बिल्डिंगांमधे पाठवलं. शिवाजीनगरात चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला हडपसरहून यायचं तर दोन बस आणि दीड तास, चारातली दोन कामं सुटली, वर लिफ्टचा मेंटेनन्स. तिनं घर भाड्यानं देऊन परत यायचं ठरवलं तर तिचं गणित चुकलं असं मला वाटत नाही, गणित ज्यानं मांडलं त्याचं चुकलंय. उलट येरवड्यात जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहरांसाठीच्या योजनेत वेगळं काम झालं होतं, जागच्या जागी. पक्की घरं तशीच ठेवायची, फक्त कच्ची पाडून त्याच जागेवर, त्याच शेजाऱ्यांच्या मधे अडीचशे-पावणेतीनशे फुटांची पक्की घरं, लोकांनी आपला दहा टक्के वाटा भरायचा. महिला मिलन या वस्त्यांमधल्या बायकांच्या संघटनेतल्या बायका घरोघर जाऊन नकाशे समजावून सांगत होत्या. कटकटीचं काम, टॉवर बांधण्यापेक्षा दसपट कटकटीचं, म्हणूनच बहुतेक नंतर कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

दुसरं वाक्य, आम्ही ईएमआय भरतो, यांना फुकट का. हे वाक्य मला जास्त झोंबतं कारण ते मी पण मनात म्हणून झालंय. पण फुकट म्हणजे काय हो? होमलोनच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत सूट, जुन्या टॅक्स पद्धतीत मी ती वर्षानुवर्षं घेतली. पंतप्रधान आवास योजनेत व्याजाची सबसिडी होती, जास्तीत जास्त २ लाख ६७ हजार, आणि मध्यम उत्पन्न गटात तर वर्षाला अठरा लाख कमावणाऱ्यापर्यंत ती मिळत होती, आमच्या बिल्डिंगमधे तिघांनी घेतली, त्यातली एक मी. कुणीही मला विचारलं नाही की बाई तुला फुकट का. त्या २ लाख ६७ हजारांत मावशींच्या वीस हजारांसारखी तेरा डिपॉझिटं बसतात. तेरा कुटुंबं.

पुण्याला हे जमतच नाही असंही नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, खडकवासलाही गेलं, आणि नदीकाठच्या पेठांमधली हजारो घरं एका दिवसात वाहून गेली. तेव्हा याच शहरानं निसेन हट, म्हणजे अर्धगोल पत्र्याची तात्पुरती घरं, उभारली, गोखलेनगर, जनवाडी, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती वसवल्या. आज त्या भागातले रिडेव्हलपमेंटचे भाव ऐकले तर चक्कर येते. कुणी तेव्हा म्हणालं नाही की या पूरग्रस्तांची सवय बिघडेल. कारण सगळ्यांना दिसत होतं, धरण फुटलं, यात माणसाची चूक नाही. मावशी बीडकडच्या. त्यांच्या गावची विहीर आटली, मग ऊसतोड, मग मुकादमाची उचल फिटेना, मग स्वारगेट. पाणी एका सकाळी आलं नाही, तर वीस वर्षं हळूहळू गेलं, त्यामुळे पूरग्रस्तासारखा दाखला त्यांना कुणी देत नाही.

आणि झोपडपट्टी पुनर्वसनाचंही तेच आहे, एसआरएमधे पात्र व्हायला आधी झोपडी पाहिजे आणि ती अमुक तारखेच्या आधीची असल्याचा कागद पाहिजे. म्हणजे झोपडी हीसुद्धा एक इस्टेटच झाली की. फूटपाथवरचा माणूस त्या रांगेत उभाच राहू शकत नाही.

सगळ्यात लाज वाटण्यासारखी गोष्ट म्हणजे ज्यांनी हे फ्लॅट बांधले त्या मजुरांचे हाल. २०१९ च्या जूनअखेर कोंढव्यात एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या साइटवरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली, पंधरा जण गेले, लहान मुलं होती त्यात. तीनच दिवसांनी आंबेगावात दुसरी भिंत, आणखी सहा. २०२४ च्या डिसेंबरात वाघोलीत केसनंद फाट्याजवळ मध्यरात्री डंपर फूटपाथवर चढला, कामासाठी अमरावतीकडून आलेली माणसं झोपली होती, तिघं गेले, त्यातली दोन अगदी लहान पोरं. आणि कायदा नाही म्हणावं तर १९९६ सालीच कायदा झालाय! बांधकाम मजुराला साइटवर किंवा जवळ राहायची तात्पुरती सोय मालकानं फुकट करायची, स्वयंपाकाला, अंघोळीला, संडासला वेगळी जागा द्यायची. शिवाय बांधकाम खर्चाचा एक टक्का सेस बांधकाम मजुरांच्या कल्याण मंडळाकडे जातो. पण हा सगळा कायदा ज्याच्याकडे साइट आहे त्या मजुरासाठी. वारज्याच्या, कात्रजच्या मजूर अड्ड्यावर सकाळी सातला डबा घेऊन जो उभा राहतो त्याचा मालक रोज बदलतो, त्याची साइट कुठली धरायची? त्याच्यासाठी अड्ड्याच्या अर्ध्या किलोमीटरच्या आत, त्याच सेसच्या पैशातून, कॉट बेसिसवर हॉस्टेल का होऊ नये? रोजाच्या हिशोबानं भाडं घ्या, पन्नास घ्या, साठ घ्या, ट्रंक ठेवायला जागा द्या आणि भिंतीत दोन खिळे. कुटुंबवाल्यांसाठी खोल्या करा, भाड्याच्याच, विकायच्या नाहीत म्हणजे नाहीत. महापालिकेच्या ताब्यात आलेल्या ॲमेनिटी स्पेसना, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी राखलेल्या जागांना, पत्रे मारून ठेवलेत, ते काढा. डिपॉझिटची हमी महापालिकेनं घ्यावी, घरमालकाला वीस हजार दाखवायला पाहिजेत ना, तर बँकेची गॅरंटी असते तशी चिठ्ठी द्या, माणूस बुडवून पळाला तर भरा. काही जण पळतील. होमलोन बुडवणारे पण असतातच.

२०२० मधे लॉकडाऊनमधे लोक चालत गावी निघाले तेव्हा सरकारला एकदम आठवलं की अरे, भाड्याची घरं पाहिजेत, आणि त्या जुलैत परवडणाऱ्या भाड्याच्या संकुलांची योजना आली. कागदावर चांगली होती, सरकारी पैशातून बांधून रिकामी पडलेली घरं भाड्यानं द्यायची, किंवा कंपन्यांनी आपल्या जागेवर बांधायची. पण विक्रीच्या घरासारखी तिची चावी हातात देतानाचा फोटो निघत नाही, त्यामुळे तिचं फार काही ऐकू आलं नाही. आणि नमुना शोधायला दिल्लीला जायची गरज नाही, मार्केटयार्डाजवळ हमालांनी हमाल पंचायतीच्या बळावर हमालनगर उभं केलंय, डोक्यावर पोती वाहणाऱ्यांनी, कामाच्या जवळ.

कॉटचं मी एवढं कौतुक करतेय तर एक कबूल करायला पाहिजे. काकूंच्या पाटीवर जे लिहिलेलं नव्हतं ते त्यांनी दारात विचारलं होतं, आडनाव काय गं तुझं? मग, शाकाहारी ना? माझ्या आडनावानं काम झालं. माझ्यामागून दोन महिन्यांनी परभणीची एक मुलगी आली, कॉट रिकामी होती, मी स्वतः बघत होते, ती भिंतीकडेची, आणि काकू म्हणाल्या, अगंबाई, कालच गेली बघ. आम्ही तिघीही गप्प बसलो. म्हणून हे सगळं खाजगी घरमालकांच्या भरवशावर सोडून चालणार नाही असं मला वाटतं, ती पायरी तेव्हाही सगळ्यांसाठी नव्हती.

आमच्या सोसायटीत गेल्या महिन्यात मीटिंगला विषय होता, वॉचमननं पंपरूमशेजारच्या आठ बाय आठच्या खोलीत बायको-मुलाला आणलंय, चालेल का. पाऊण तास चर्चा. एक जण म्हणाले माणुसकी म्हणून ठीक आहे पण पायंडा पडेल. मी बोलले, पण जितकं बोलायला पाहिजे होतं तितकं नाही. पुढच्या मीटिंगवर ढकललं.

परवा मावशी परत भेटल्या. खोली अजून रिकामी आहे म्हणे, त्यांच्याकडे साडेआठ हजार झालेत, उरलेले चार हप्त्यात चालतील का असं तुम्हीच इचारा, तुमचं ऐकत्याल. मी त्या खोलीवाल्याला फोन केला. मग त्यानं दिलेल्या एजंटला, आणि एजंटनं सांगितलेल्या आणखी एका खोलीवाल्याला. डिपॉझिटवर यायच्या आधीच तिघांचाही पहिला प्रश्न एकच होता, कोण लोक आहेत ते? मी पारधी म्हटल्यावर दोघांनी फोन ठेवला. तिसरा म्हणाला, बघतो, रविवारी फोन करा.